बरा आहो मी

सकाळी ७.३०
आशाताईंचा फोन. “भाऊ, साडेआठच्या आत या. एकदा डवरणीले गेला की सांजेशिवाय हाती लागत नाही तो.”

मी समुपदेशक आहे. राज्याच्या आरोग्य खात्याचा शेतकरी समुपदेशनाचा प्रेरणा प्रकल्प २०१५ पासून विदर्भ-मराठवाड्याच्या चौदा जिल्ह्यांत चालतो, त्यातलाच मी एक. आशाताई घरोघरी प्रश्नावली भरतात. जिथं त्यांना शंका येते तिथं मी जातो.

८.२०
घर शेणानं सारवलेलं. कॅलेंडरच्या मागून बँकेच्या नोटिशीचा कोपरा दिसतोय. आशाताई विचारतात : झोप लागते का? भूक? कामात मन लागतं का? तो शेतकरी डवऱ्याची दोरी आवळत म्हणतो, “बरा आहो मी.” तिन्ही प्रश्नांना हेच उत्तर. दारामागून बायको मान हलवते : नाही, नाही, नाही.

कागदावर त्याचं उत्तर लिहायचं की तिचं? आशाताई तिचं लिहितात. बरोबरच करतात.

मी वही पिशवीत टाकली आणि म्हणालो, “चला, तुमची पऱ्हाटी दाखवा.” धुऱ्यावरून चालताना तो पुढं, मी मागं. माझं तोंड दिसत नव्हतं म्हणूनच बहुधा तो बोलला. रात्री अडीचला उठून गोठ्यात जाऊन बसतो. बैलाच्या पाठीवर हात ठेवला की जरा बरं वाटतं. पोरगा कॉलेज सोडून घरी आलाय, दिवसभर मोबाइलमध्ये. त्याला रागवायचीही लाज वाटते. “बाप म्हणून तोंड कुठं राह्यलं?” एवढं सांगून तो बैलांकडे वळला. सरळ विचारणं माझं काम, म्हणून विचारलं : जीव द्यावासा वाटतो का? बराच वेळ गेला. “येते कधी मनात.”

निघण्याआधी त्याच्याच परवानगीनं बायकोला सगळं सांगितलं. रात्री त्याला एकटं ठेवायचं नाही. कॅलेंडरवर १४४१६ लिहिलं. टेलिमानस हेल्पलाइन, चोवीस तास, पैसे लागत नाहीत. शेजारी माझा नंबर.

११.४५
प्राथमिक आरोग्य केंद्र. रांगेत बाया, लेकरं, म्हातारी माणसं. तिशी-चाळिशीचा गडी एकच, तोही पायाला पट्टी बांधायला आलेला. ओपीडीची वेळ तीच शेतातल्या कामाची वेळ. डॉक्टरांना म्हणालो, “गुरुवारी सहापर्यंत थांबाल?” त्यांनी रजिस्टरमधून मान वर केली. “थांबतो. तुम्ही माणूस आणा.”

२.३०
कलेक्टर कचेरी. महिन्याच्या अहवालाच्या कामासाठी आलो होतो. व्हरांड्यात एक बाई बसलेली, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत सातबारा. आज जिल्हा समिती बसते. नवऱ्याची आत्महत्या सरकारी मदतीला ‘पात्र’ की ‘अपात्र’, ते ठरणार. नापिकी, बँकेचं किंवा परवानाधारक सावकाराचं कर्ज, परतफेडीचा तगादा. हे कागदावर सिद्ध झालं तर एक लाख : तीस हजार हातात, सत्तर हजार ठेवीत. “आमचे उसने पैसे सोयऱ्यांचे होते, भाऊ. त्याचा कागद कुठून आणू?” माझ्यापाशी उत्तर नव्हतं. तिला पाणी आणून दिलं.

माणूस गेल्यावर समिती बसते. तो असताना त्याच्यासाठी कोणती बसते?

५.००
अहवालात ‘सूचना’ असा एक रकाना असतो. तो मी कधी रिकामा ठेवत नाही. २०२१ साली देशात १,६४,०३३ आत्महत्यांची नोंद झाली, त्यात १,१८,९७९ पुरुष. आयर्लंडनं २००८ मध्येच पुरुषांच्या आरोग्याचं राष्ट्रीय धोरण आणलं. नॉर्वेनं २०२२ मध्ये पुरुषांच्या समानतेवर आयोग नेमला. त्यानं २०२४ मध्ये अहवाल दिला आणि मुलांच्या शाळेपासून बापाच्या रजेपर्यंत सगळ्याचा विचार केला, तोही बायकांच्या हक्कांना धक्का न लावता. आपल्याकडे पुरुष आयोगाची मागणी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेली, ती बायकांविरुद्धची तक्रार होऊन. न्यायालयानं ती ऐकून घेतली नाही. मला त्याचं दुःख नाही. दारामागून मान हलवणाऱ्या बाईच्या विरोधात उभा राहणारा आयोग माझ्या कामाचा नाही. मला हवी आहे धुऱ्यावर चालणारी समिती : आशाताई, डॉक्टर, बँकेचा माणूस, शाळेचे मास्तर आणि गावातले दोन बाप. मी लिहिलं : दवाखाना आठवड्यातून एकदा संध्याकाळी उघडा ठेवावा. नोटीस देण्याआधी बँकेनं आशाताईंना कळवावं. कॉलेज सोडलेल्या पोरांची यादी करावी. रकाना भरला, उरलेलं मागच्या पानावर लिहिलं.

८.१०
मिस्ड कॉल. ओळखीचा नंबर नव्हता. मी उलट फोन लावला.

पाऊस कसा, बैल कसे, डवरणी किती झाली, हे सगळं झालं. मी मध्ये बोललो नाही.

“तो दवाखाना... सांजेले चालू राह्यते का?”

“गुरुवारी, सहापर्यंत. मीही तिथंच असेन.”

“पोराले आणू?”

“आणा.”