मोरी तुंबणे

स्वयंपाकघरात भांडी धुण्याच्या जागेचे सांडपाणी वाहून नेणाऱ्या नळात घन व चिकट द्रव्ये साचून पाण्याचा निचरा मंदावणे अथवा पूर्णपणे थांबणे, यास मोरी तुंबणे असे म्हणतात. मोरी ही संज्ञा मूलतः जमिनीलगतच्या, कठडा घातलेल्या धुण्याच्या जागेस व तिच्या सांडपाण्याच्या वाटेस लावली जाते. ओट्यात बसविलेल्या पोलादी किंवा दगडी कुंडीस सिंक असे म्हणण्याचा प्रघात आहे. दोहोंच्या तुंबण्याची कारणे बव्हंशी समान आहेत. नळात काय टाकले जाते याइतकेच त्याबरोबर पाणी कोणत्या वेगाने जाते यास महत्त्व असते. सोलापूरसारख्या अवर्षणप्रवण प्रदेशातील शहरात ही बाब विशेष स्पष्टपणे दिसून येते.

पूर्वपीठिका : झाकलेल्या नाल्यांतून सांडपाणी नेण्याची पद्धत प्राचीन आहे. मोहें-जो-दडो येथे (इ. स. पू. सु. २५००) विटांनी बांधलेल्या नाल्या व त्यांच्या वाटेत गाळ साचण्यासाठी केलेले खड्डे आढळले आहेत. महाराष्ट्रातील जुन्या घरांत मोरीचे पाणी बहुधा उघड्या व रुंद पन्हळीतून परसात किंवा रस्त्याकडेच्या गटारात जाई. भांडी राखेने व नारळाच्या शेंडीने घासली जात. राख तेलकटपणा शोषून घेई आणि तळाशी बसलेला गाळ खराट्याने ओढून काढता येई. ओट्यावरील सिंक व बंदिस्त नळ यांच्या प्रसारानंतर स्वच्छता वाढली. मात्र गाळ डोळ्यांआड गेला आणि त्याची वाटही अरुंद झाली.

रचना : सिंकच्या तळाशी जाळी, तिच्याखाली सु. ३० ते ५० मिमी. व्यासाचा नळ व पुढे वक्र भाग अथवा बाटलीच्या आकाराचे पात्र असते. यास ट्रॅप किंवा जलबंध म्हणतात. त्यात कायम राहणाऱ्या पाण्यामुळे गटारातील दुर्गंधी व कीटक घरात येत नाहीत. अशा वक्र नळाचा उपयोग अलेक्झांडर कमिंग यांनी १७७५ मध्ये इंग्लंडमध्ये पेटंट घेतलेल्या शौचकूपात केला होता. जलबंधात पाण्याचा वेग कमी होत असल्याने गाळ प्रथम तेथेच बसतो. अनेक घरांत जलबंधाऐवजी वळ्या असलेली लवचिक प्लॅस्टिक नळी थेट जमिनीतील जाळीत सोडलेली असते. तिच्या प्रत्येक वळीत चिकट थर धरतो.

कारणे : नळ सहसा एकाच वस्तूने तुंबत नाही. प्रथम तेल-तुपाचा पातळ थर आतील पृष्ठभागावर बसतो. तूप व वनस्पती तूप थंड नळात गोठतात. शेंगदाणा तेलासारखी तेले सोलापूरच्या हवेत गोठत नाहीत. तथापि त्यांच्या विघटनाने होणारी वसाम्ले पाण्यातील कॅल्शियमाशी संयोग पावून न विरघळणारा साबण तयार होतो. दख्खनच्या काळ्या कातळातील विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी पुष्कळदा कठीण असल्याने ही क्रिया सुलभ होते. या चिकट थरावर चहाचा चोथा, मोहरी, कढीपत्ता, भाताची शिते व डाळीचा गाळ अडकतो. भांडी घासण्याच्या अनेक वड्यांत भरणद्रव्य म्हणून खनिज चुरा असतो. तो पाण्यात विरघळत नाही व तळाशी घट्ट बसतो.

सोलापूर जिल्हा रब्बी ज्वारीसाठी प्रसिद्ध असून मालदांडी ३५-१ हा वाण मोहोळ येथील निवडीतून पुढे आला. भाकरीचे पीठ ऊन पाण्यात मळल्याने त्यातील काही स्टार्च फुगून चिकट होते. परात धुताना हे पीठ नळात जाते व तेथे आणखी उकळते पाणी ओतल्यास त्याची खळ बनते. विणकर ताण्याच्या सुताला ताठपणा आणण्यासाठी जी खळ देतात, तिच्यामागेही स्टार्चचा हाच गुणधर्म आहे. शेंगाचटणीच्या भांड्यातील तेलकट कूटही असेच थराला चिकटून राहते.

पाण्याचा वेग : सांडपाण्यातील घन कण तळाशी न बसता वाहून जाण्यासाठी त्यास दर सेकंदास सु. ०·६ मी. इतका वेग असावा लागतो. सोलापूरला उजनी जलाशय, भीमा नदीवरील टाकळी येथील योजना व १८७१ मध्ये पूर्ण झालेला एकरूख (हिप्परगा) तलाव यांतून पाणी मिळत आले आहे. तथापि अनेक वर्षे शहरातील नळांना रोज पाणी न येता काही दिवसांच्या अंतराने येत राहिले. साठविलेल्या पाण्यातून तांब्या-तांब्याने भांडी विसळण्याची सवय अशा परिस्थितीत अपरिहार्य ठरते. बारीक धारेने गेलेले पाणी गाळ पुढे ढकलू शकत नाही. काटकसर न सोडता यावर उपाय करता येतो : विसळण्याचे पाणी सिंकचे बूच लावून किंवा बादलीत साठवावे, खरकटे गाळून काढावे व पाणी एकदम सोडावे. तेवढेच पाणी वेगाने गेल्याने नळ धुऊन निघतो.

निवारण : प्रथम अडथळ्याचे स्थान ठरवावे. केवळ सिंक तुंबले असल्यास दोष बहुधा जलबंधात वा त्यानजीक असतो; न्हाणीतूनही पाणी वर येत असल्यास तो पुढील नळात किंवा चेंबरमध्ये असतो. पहिल्या प्रकारात जाळीवर रबरी पंप ठेवून तो बुडेल इतके पाणी राहू द्यावे, सिंकचे वरचे छिद्र ओल्या फडक्याने बंद करावे व पंधरा-वीस वेळा दाब-ओढ करावी. यातील ओढीमुळे गाळ सैल होतो. निचरा न झाल्यास खाली बादली ठेवून जलबंधाची चाकी हाताने सोडवावी, आतील गाळ काढावा व रबरी चकती नीट बसवून पुन्हा जोडावे. त्यापुढील अडथळ्यास लवचिक पोलादी पट्टी किंवा स्प्रिंगची तार वापरतात. पीठ अडकले असल्यास थंड पाणी, तर तूप अडकले असल्यास ऊन पाणी व साबण उपयोगी पडतो. उकळते पाणी प्लॅस्टिकच्या नळास अपायकारक असते.

रसायनांचा वापर : खाण्याचा सोडा व व्हिनेगर एकत्र ओतल्यास फेस येतो, परंतु दोन्ही परस्परांचा प्रभाव नाहीसा करतात व घट्ट गाळ हलत नाही. कॉस्टिक सोडा चरबीचा साबण करतो. मात्र तो पाण्यात तीव्र उष्णता निर्माण करतो, त्वचा व डोळे भाजतो आणि ॲल्युमिनियमच्या संपर्कात हायड्रोजन हा ज्वालाग्राही वायू मुक्त करतो. अडथळा न निघाल्यास तो नळातच साचून राहतो व पुढे नळ उघडणाऱ्याच्या अंगावर उडण्याचा धोका असतो. म्हणून रसायन टाकले असल्यास प्लंबरला ते आधी सांगणे आवश्यक आहे. अम्ल व ब्लीचिंग पावडर यांचा संयोग कधीही होऊ देऊ नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो.

सार्वजनिक परिणाम : घरातील नळातून पुढे गेलेली चरबी नाहीशी होत नाही. लंडनच्या व्हाइटचॅपेल भागातील गटारात २०१७ मध्ये चरबी व कचऱ्याचा सु. २५० मी. लांब व १३० टन वजनाचा गोळा सापडला होता. भारतात अशा अडथळ्यांची किंमत अनेकदा सफाई कामगारांनी प्राणांनी मोजली आहे. गटारात साचलेला हायड्रोजन सल्फाइड वायू क्षणात बेशुद्धी आणतो. पुरेशा संरक्षणाशिवाय माणसास गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवून धोकादायक सफाई करून घेण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. अशा मृत्यूंबद्दल कुटुंबास १० लाख रु. भरपाई देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला व २०२३ मध्ये ही रक्कम ३० लाख रु. केली. रस्त्यावरील चेंबर तुंबल्यास खाजगीरीत्या कोणास आत न उतरविता महानगरपालिकेस कळवून यंत्राने सफाई करून घेणे, हाच योग्य मार्ग होय.

प्रतिबंध : तेलकट भांडी धुण्यापूर्वी कागदाने किंवा कोरड्या पिठाने पुसून घ्यावीत, परातीचे पीठ खरवडून काढावे, तळणीचे उरलेले तेल मोरीत ओतू नये, बारीक छिद्रांची जाळी वापरावी, जलबंध दोन-तीन महिन्यांनी उघडून साफ करावा. नळास साधारणपणे ४० सेंमी. लांबीमागे १ सेंमी. उतार ठेवल्यास व काटकोनी वळणे टाळल्यास मोरी क्वचितच तुंबते.