फळा, घेवडा आणि मोबाइल

आमच्या वर्गात तो मोठा पडदा आला, त्या दिवशी शिपाईमामांनी त्याला झेंडूचा हार घातला आणि नारळ फोडला. भिंतीवर दुसरी जागा नसल्यामुळे तो फळ्यावरच बसवला. त्यामुळे अर्धा फळा झाकला गेला आणि उरलेल्या अर्ध्यावर तारीख, वार आणि सुविचार दाटीवाटीने राहू लागले.

मी तिसरीची बाई. हल्ली सगळीकडे 'मॅडम' झाले आहे, पण माझ्या वर्गात मी अजून बाईच आहे. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, तसे माझेही झाले. बोट टेकवले की नकाशा मोठा होतो, बोट फिरवले की पृथ्वी फिरते! पहिल्या आठवड्यात मी पाढेसुद्धा पडद्यावरच घेतले. मुले खूष, मीही खूष. घसा दुखायचा थांबला, हा फायदा निराळाच.

पहिला खडा लागला तो घेवड्याचा. परिसर अभ्यासात बी रुजण्याचा भाग होता. पडद्यावर फार सुरेख चित्रफीत मिळाली. बी फुगते, साल फाटते, मूळ खाली सरकते आणि दोन जाड दले टाळी उघडावी तशी उघडतात. सारे चाळीस सेकंदांत! त्यानंतर मुलांनी नारळाच्या करवंट्यांत माती भरून घेवडे पेरले आणि करवंट्या खिडकीत मांडल्या. तिसऱ्या दिवशी एक मुलगी माझ्या टेबलाशी आली आणि हळूच म्हणाली, "बाई, आमचा घेवडा बिघडलाय का?"

मी हसले, पण घरी जाताना ते वाक्य डोक्यातून जाईना. त्या पोरीचे काय चुकले? मीच तिला आधी चाळीस सेकंदांचा घेवडा दाखवला होता. खरा घेवडा आठवडा घेतो, हे तिने कुठून ओळखावे?

पुढच्या वर्षी क्रम उलटा केला. आधी करवंट्या. रोज सकाळी पट्टीने मोजायचे आणि वहीत चित्र काढायचे. कोंब मान खाली घालून मातीतून वर येतो, हे मुलांनी पाहिले आणि तो मेला की काय म्हणून हळहळलीही. रोपे वीतभर झाल्यावर मग मी चित्रफीत लावली. एकच गलका झाला, "बाई, मान! त्याचीही मान वाकडी आहे!" घेवड्याची मान मुळात अशीच वाकलेली वर येते, म्हणजे कोवळा शेंडा मातीत घासून फाटत नाही, हे मग समजावून सांगायला दोन मिनिटे पुरली. चित्रफीत तीच, पडदा तोच. आठ-दहा दिवसांचा काय तो फरक.

आता त्या चौकोनी ठशाविषयी थोडे सांगते, कारण तो आपल्या सर्वांच्या घरात आहे. मुलांच्या पाठ्यपुस्तकावर काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची एक चौकट छापलेली असते. तिला क्यूआर कोड म्हणतात. भाजीवालीच्या गाडीवर पैसे देण्यासाठी असते, त्याच जातीची. जपानमध्ये १९९४ साली डेन्सो वेव्ह या कंपनीत मासाहिरो हारा यांनी ती तयार केली, आणि तीही मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी! तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन असतात ना, त्यांवरून यंत्राला सुलट-उलट कळते. आणि तिसरीच्या बाईला सर्वांत आवडणारी गोष्ट अशी की, तीत माहिती थोडी जास्तीची भरलेली असते. सर्वांत भक्कम प्रकारात जवळजवळ ३० टक्के भाग खराब झाला तरी उरलेल्यावरून मजकूर लागतो. लोणच्याच्या तेलाचे डाग पडलेली पुस्तके रोज हाताळणाऱ्यांनाच या सोयीची किंमत कळेल.

मोटारींचा हा ठसा मराठी शाळेत आणला तो सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी. २००९ साली ते तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत रुजू झाले, तेव्हा शाळेच्या एका बाजूला गुरांचा गोठा आणि दुसऱ्या बाजूला अडगळीची खोली होती. मुलांची घरची भाषा कन्नड आणि पुस्तके निराळ्या भाषेत. गुरुजी आधी स्वतः कन्नड शिकले. मग पुस्तके मुलांच्या भाषेत केली आणि त्यांवर हे ठसे चिकटवून त्यांतून कविता, गोष्टी, धडे ऐकण्या-पाहण्याची सोय केली. २०१७ मध्ये राज्याने सर्व इयत्तांच्या पुस्तकांसाठी ही कल्पना उचलली. डिसेंबर २०२० मध्ये गुरुजींना दहा लाख डॉलरचे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. वर्तमानपत्रांनी ठशाचे कौतुक केले, ते योग्यच. मला मात्र त्यांच्या कन्नडचे कौतुक अधिक वाटते. ठसा काय, कोणीही चिकटवील!

यंत्र नुसते असून भागत नाही, हे २०२० च्या मार्चनंतर आपण सर्वांनीच पाहिले. घरात फोन एक, आणि तो सकाळी वडिलांबरोबर कामावर जायचा. माझ्या पटावरची कितीतरी मुले मला त्या वर्षी रात्री नऊनंतरच भेटत. मुले मग फोनला अशी चिकटली की, सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवायला सुरुवात केली. भोंगा झाला की दीड तास टीव्ही, मोबाइल बंद आणि मुले अभ्यासाला. आमच्या सोसायटीत असा भोंगा बसवावा असे मी सुचवून पाहिले. मालिकांच्या वेळेवरून ती सूचना तिथेच राहिली.

आता जे सांगायचे आहे, ते सांगते. टाळत होते, पण या लेखाला बसले ती त्यासाठीच.

शाळा पुन्हा सुरू झाल्यावर माझ्या वर्गात एक मुलगा होता. नाव लिहीत नाही. तो हुशार होता, गणितात तर पुढेच. पण धडा वाचायला उभा राहिला की पहिल्या शब्दाशी अडायचा. मग कान लाल व्हायचे आणि मग तो खाली बसायचा. माझ्याकडे एक जुना फोन पडून होता. कार्ड काढून टाकलेला, आवाज टिपण्यापुरताच चालणारा. मी तो त्याला दिला आणि म्हटले, "पुस्तकांच्या कपाटामागे बस आणि याला वाचून दाखव. हा हसत नाही."

पहिल्या दिवशी त्यात नुसता पंख्याचा आवाज आला. तिसऱ्या दिवशी एक ओळ आली. आपण वाचलेले तो स्वतःच ऐकायचा, पुसायचा आणि पुन्हा वाचायचा. पाटी पुसावी तितके सहज. दोन महिन्यांत त्याने अख्खा धडा वाचला! संध्याकाळी वर्ग रिकामा झाल्यावर मी तो ऐकला, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आले.

आणि त्या आनंदात मी घोटाळा केला. दुसऱ्या दिवशी, त्याला न विचारता, तो धडा पडद्याच्या मोठ्या कर्ण्यातून सगळ्या वर्गाला ऐकवला. सुरुवातीला त्याची कुजबूज होती, ती माझ्या लक्षातच राहिली नव्हती. "नाही येत... येईल... नाही येत..." वर्ग खो खो हसला. पुढचे सुंदर वाचन कोणी ऐकलेच नाही. तो उठला नाही, रडलाही नाही. दप्तर आवरून बसून राहिला.

चार दिवस तो शाळेत आला नाही. पाचव्या दिवशी मी त्याच्या घरी गेले. आई पोळ्यांची कामे करते. तिने मला पाट दिला, चहा टाकला आणि चहा गाळता गाळता म्हणाली, "बाई, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. पण तो म्हणतो, मी ते यंत्राला सांगितलं होतं, बाईंना नाही."

मला उत्तर सुचले नाही. युनेस्कोने २०२३ साली शाळांतल्या तंत्रज्ञानावर मोठा अहवाल काढला आणि हे साधन कोणाच्या अटींवर वापरायचे, असा प्रश्न त्याच्या शीर्षकातच घातला. तो मी पुढे वाचला. पण हा प्रश्न मला पहिल्यांदा त्या स्वयंपाकघरात पडला होता.

तो आतल्या खोलीच्या दारात उभा होता. मी फोन त्याच्या हातात दिला आणि म्हटले, "चूक माझी झाली. यातलं काय ठेवायचं, काय पुसायचं, ते तू ठरव." त्याने सगळे पुसले. तो धडाही.

सोमवारी तो शाळेत आला. त्या दिवसापासून वर्गाचा नियम झाला की, कोणाचा आवाज कोणी ऐकायचा ते ज्याचे त्याने ठरवायचे, आणि त्यात बाईही आल्या. त्या मुलाने मात्र फोनला पुन्हा हात लावला नाही. मधल्या सुट्टीत तो माझ्या टेबलाशी येऊन हळू आवाजात वाचायचा. कधी पान, कधी दोनच ओळी. वर्गापुढे त्या वर्षी तो उभा राहिला नाही, आणि मीही त्याला उभे केले नाही.

एप्रिलमध्ये शेवटच्या दिवशी मुले निरोप घेत होती. तो मागे रेंगाळला आणि म्हणाला, "बाई, फोन द्या ना जरा." कपाटामागे दहा-बारा मिनिटे बसला आणि परत आणून दिला.

"काय वाचलंस रे?"

"ते नाही सांगणार," तो हसून म्हणाला आणि पळाला.

फोन मी घरी आणला. त्याने आवाज ठेवला होता की पुसला होता, ते मी पाहिले नाही. फोन कपाटातच आहे.