कात टाकणाऱ्या प्राण्यांचे कूळ व पीकसंरक्षण

मावा किंवा तुडतुडे पडलेल्या पिकाचे पान उलटून पाहिले असता किडीबरोबरच पांढऱ्या, पोकळ साली पानाला चिकटलेल्या आढळतात. ही मेलेली कीड नव्हे. वाढत्या किडीने टाकलेली ती कात होय. अशी कात टाकून वाढणाऱ्या प्राण्यांचे एक फार मोठे कूळ आहे. त्या कुळात कोण मोडते व कोण मोडत नाही हे ठाऊक असल्यास, कोणते औषध कोणावर चालेल, केव्हा चालेल आणि कोणाला अपाय करील, याचा बराचसा उलगडा होतो. हे ठाऊक नसल्यास औषधाचा खर्च मात्र व्यर्थ जातो.

कात कशी टाकली जाते?

कीटकाच्या शरीरात हाडांचा सांगाडा नसतो. त्वचेतून स्रवलेले कवच हाच त्याचा आधार. हे कवच एकदा घट्ट झाले म्हणजे फारसे ताणत नाही. म्हणून शरीर वाढू लागले की जुन्या कवचाखाली नवे मऊ कवच तयार होते, जुने फाटते व प्राणी त्यातून बाहेर पडतो. नवे कवच घट्ट होईपर्यंत तो अत्यंत नाजूक असतो.

या क्रियेस चालना देणारे द्रव्य म्हणजे इक्डायसोन हे संप्रेरक होय. १९५४ साली ब्युटेनांट व कार्लसन या जर्मन शास्त्रज्ञांनी ते प्रथम शुद्ध स्वरूपात मिळविले. त्यासाठी रेशीमकिड्यांचे सुमारे ५०० किलो कोषस्थ किडे वापरावे लागले आणि हाती आले ते अवघे २५ मिलिग्रॅम! एवढ्या अल्प द्रव्यावर कीटकाची सारी वाढ अवलंबून असते.

सापही कात टाकतो. परंतु तो पाठीचा कणा असलेला प्राणी आहे. त्याची कात म्हणजे त्वचेचा वरचा मृत थर. म्हणून त्याचा या कुळाशी संबंध नाही.

नाते कसे ठरले?

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी क्यूव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने गांडूळ व कीटक यांना एकाच गटात बसविले. दोहोंचेही शरीर वलयांचे बनलेले असते, हे त्याचे कारण. हे वर्गीकरण दीर्घकाळ मान्य होते. पुढे प्राण्यांच्या जनुकांची तुलना करणे शक्य झाले. १९९७ साली ॲग्विनाल्डो व त्यांचे सहकारी यांनी, पेशीत प्रथिने घडविणाऱ्या यंत्रणेतील एका जनुकाची तुलना करून, कात टाकणारे प्राणी परस्परांचे जवळचे नातलग असल्याचे दाखविले व या कुळास ‘एक्डायसोझोआ’ हे नाव दिले.

या कुळात आठ मोठे संघ गणले जातात. त्यांपैकी दोन शेतकऱ्याच्या नित्य परिचयाचे आहेत. पहिला संधिपादांचा. कीटक, कोळी, विंचू, गोचीड, गोम, पैसा, खेकडा व कोळंबी हे सर्व त्यात येतात. दुसरा सूत्रकृमींचा. टोमॅटो, वांगी, भेंडी यांच्या मुळांवर गाठी आणणारे अतिसूक्ष्म कृमी या संघातील होत. सूत्रकृमी आयुष्यात चार वेळा कात टाकतो. गाठी आणणाऱ्या सूत्रकृमीची पहिली कात अंड्यातच पडते व दुसऱ्या अवस्थेतील पिल्लू बाहेर येऊन कोवळ्या मुळात शिरते.

गांडूळ मात्र या कुळातून बाहेर पडले. ते कात टाकत नाही. त्याचे जवळचे नाते जळू व गोगलगाय यांच्याशी आहे. म्हणजे दिसण्यात कृमीसारखे असणारे गांडूळ कीटकांपासून दूरचे, आणि कीटकासारखा मुळीच न दिसणारा सूत्रकृमी त्यांच्या जवळचा, असा हा प्रकार आहे.

शेतीत उपयोग

कात टाकण्याच्या क्रियेत अडथळा आणणारी औषधे आता प्रचारात आहेत. नोव्हॅल्युरॉन, ल्यूफेन्यूरॉन यांसारखी औषधे कवचातील कायटिन हे द्रव्य तयार होऊ देत नाहीत. कडुनिंबाच्या बियांतील ॲझाडिरॅक्टिन, जे १९६८ साली प्रथम वेगळे करण्यात आले, ते इक्डायसोनच्या कार्यात बिघाड करते आणि किडीची खाण्याची इच्छाही मंदावते. यावरून पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. ही औषधे अळी व पिल्ले यांच्यासाठी आहेत. पंख फुटलेला कीटक सहसा पुन्हा कात टाकत नाही. त्यामुळे उडणारे पतंग पाहून फवारणी करण्यात लाभ नाही. अंडी फुटून लहान अळ्या दिसू लागताच फवारणी करावी.

२. परिणाम पुढील कात टाकण्याच्या वेळी दिसतो. दुसऱ्याच दिवशी अळी जिवंत दिसली म्हणून औषध निकामी समजू नये व लगेच दुसरे औषध मारू नये.

३. नाते जवळचे असले तरी औषध एकच चालेल असे नाही. सूत्रकृमीचे आवरण मुख्यतः कोलॅजेन या प्रथिनाचे असते. म्हणून कायटिन रोखणारे कीटकनाशक सूत्रकृमीवर वापरू नये. त्यासाठी निरोगी रोपे, उन्हाळी नांगरट, झेंडूचा फेरपालट व निंबोळी पेंड हे उपाय योजावेत.

४. गोगलगाय या कुळातील नाही. २०२२ च्या खरिपात मराठवाड्यात शंखी गोगलगायींनी सोयाबीनची रोपे फस्त केली. अशा वेळी कात रोखणारे औषध कुचकामी ठरते. सायंकाळी ओली गोणपाटे पसरून सकाळी त्यांखाली जमलेल्या गोगलगायी वेचून नष्ट कराव्यात.

५. मित्रही याच कुळातील आहेत. रेशीमकिडा कोष विणण्यापूर्वी चार वेळा कात टाकतो. म्हणून तुतीच्या बागेलगत ही औषधे फवारू नयेत. खेकडे व कोळंबीही कात टाकूनच वाढतात. यास्तव फवारणीचा पंप ओढ्यात, नाल्यात किंवा शेततळ्यात धुऊ नये.

घरच्या घरी निंबोळी अर्क करावयाचा झाल्यास ५ किलो वाळलेल्या निंबोळ्यांची भरड १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी. सकाळी फडक्याने गाळून त्यात पाणी मिसळून एकूण १०० लिटर द्रावण करावे. उन्हाने अर्काची शक्ती कमी होते, म्हणून तो त्याच दिवशी सायंकाळी फवारावा.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पीक पाहणीच्या वेळी शेतकरी बंधूंना पानामागची कात प्रत्यक्ष दाखवावी आणि कीड कोणत्या अवस्थेत आहे हे ठरवूनच औषधाची शिफारस करावी. औषधाच्या वेष्टनावर नमूद केलेले पीक, कीड व प्रमाण यांपलीकडे त्याचा वापर करू नये.