जमिनीखाली काय आहे, हे कोणी सांगायचे?

अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहराचा समुद्रकाठचा दुमजली उड्डाणपूल २००१ च्या भूकंपात खिळखिळा झाला. त्याऐवजी राज्य महामार्ग ९९ साठी बोगदा खणायचे ठरले आणि आराखडा व बांधकाम ही दोन्ही कामे एकाच कंत्राटदाराकडे सोपवली गेली. नेहमीच्या पद्धतीत आराखडा एकाचा आणि बांधकाम दुसऱ्याचे असते. त्यामुळे काही बिघडले की दोघे एकमेकांकडे बोट दाखवतात. एकत्रित करारात हा वाद टळतो. एक प्रश्न मात्र उरतोच. जमिनीखाली अनपेक्षित काही निघाले, तर खर्च कोणाचा?

बोअर घेऊन माती तपासता येते; पण दोन बोअरच्या मधल्या भागाबद्दल आपण अनुमानच करू शकतो. समजा, ५० कोटी रुपयांच्या नुकसानीची शक्यता दहात एक आहे. सगळा धोका कंत्राटदारावर टाकला, तर तो निविदेत निदान ५ कोटी वाढवणार. संकट आले नाही, तरी ते पैसे मालकाने भरलेलेच असतात. उलट सगळा धोका मालकाने घेतला, तर कंत्राटदाराला काळजी घेण्याचे कारण उरत नाही.

यावरचा उपाय म्हणजे काम सुरू होण्यापूर्वीच भूस्थितीची एक सीमारेषा लिहून ठेवणे. उदाहरणार्थ, वाटेत शंभर मोठे धोंडे लागतील असे गृहीत धरायचे. शंभरपर्यंतचा खर्च कंत्राटदाराचा, एकशेएकाव्यापासून मालकाचा. ही रेषा म्हणजे अचूक भाकीत नव्हे. जबाबदारी कोठे बदलते, याची ती खूण आहे. मतभेद झाल्यास तज्ज्ञांचे तंटा-निवारण मंडळ काम चालू असतानाच मत देते.

तरीही वाद होतात. सिअ‍ॅटलमध्ये सुमारे १७.५ मीटर व्यासाच्या यंत्राने जुलै २०१३ मध्ये खणायला सुरुवात केली. डिसेंबरमध्ये, सुमारे ३०० मीटर गेल्यावर, ते एका पोलादी नळीला धडकले आणि थोड्याच दिवसांत बंद पडले. ही सुमारे २० सेंटिमीटर व्यासाची नळी २००२ मध्ये राज्यानेच भूजलाच्या चाचणीसाठी बसवली होती. जमिनीची माहिती मिळवण्यासाठी बसवलेली वस्तूच वादाचे कारण ठरली!

विहिरीची नोंद कागदपत्रांत होती, असे राज्य म्हणत होते. पोलादी नळी तेथेच राहिली आहे, हे त्यावरून कळत नव्हते, असे कंत्राटदाराचे म्हणणे होते. तंटा-निवारण मंडळाने नळीला करारात न दर्शवलेली परिस्थिती मानले. पण त्याचे मत बंधनकारक नव्हते. शिवाय यंत्र नळीमुळे बिघडले की मुळातच सदोष होते, हा प्रश्न वेगळाच होता. एका घटनेनंतर दुसरी घडली म्हणून पहिली दुसरीचे कारण ठरत नाही, हे आपण विज्ञानाच्या तासाला शिकवतोच.

दुरुस्ती होऊन काम पुन्हा सुरू व्हायला दोन वर्षे लागली. फेब्रुवारी २०१९ मध्ये बोगदा वाहतुकीला खुला झाला. त्याच डिसेंबरमध्ये ज्यूरीने राज्याच्या बाजूने कौल देऊन कंत्राटदाराने ५ कोटी ७२ लाख डॉलर द्यावेत असे ठरवले. नळीचे काही तुकडे व एका अधिकाऱ्याच्या रोजनिशा कंत्राटदाराने जपून न ठेवल्याचा मुद्दाही खटल्यात महत्त्वाचा होता.

प्रयोगाआधी अपेक्षा लिहून ठेवणे, निरीक्षणे त्याच दिवशी नोंदवणे आणि नमुने जपणे या सवयी प्रयोगवहीपुरत्या नाहीत. त्यांवर कोट्यवधींचे निवाडे अवलंबून असतात.