माफी कोणाच्या वतीने?

लहान मुलांची अश्लील चित्रे मोबाइलवर पाहणाऱ्या, साठवणाऱ्या माणसाला ‘आपण होऊन पोलिसांत या, खटला भरणार नाही’ असे सरकारने सांगितले तर तो येईल काय? अशी सूचना शहाणीसुरती माणसेही करतात. आमचा तिच्यावर विश्वास नाही. काळा पैसा जाहीर करणाऱ्यांना १९९७ साली असेच अभय दिले होते; २०१६ साली पुन्हा तशीच योजना आणावी लागली. एकदा अभय मिळाले की माणूस पुढच्या अभयाची वाट पाहतो. आणि तिथे नुसत्या पैशाचा प्रश्न होता.

महाड-पोलादपूरच्या वाड्यांना माफी नवी नाही. घरातला कर्ता मुंबईला, नाहीतर एमआयडीसीत पाळीवर. घरी म्हातारी आजी आणि शाळेसाठी घेतलेला मोबाइल. मुलीचे चित्र कोणी मागून घेतले, मग त्यावरून धमकावले, की प्रकरण पोलीस ठाण्याआधी गावकीत जाते. मुलगी बौद्धवाडीतली असेल तर विचारूच नका. ‘पोराचे आयुष्य बरबाद होईल, मिटवून टाका!’ मुलीला त्या बैठकीत कोणी विचारतसुद्धा नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्यात अशा मिटवामिटवीला जागा नाही. गुन्हा माहीत असून न कळवणाराही शिक्षेस पात्र आहे. पण खटला माणगावच्या सत्र न्यायालयात, जिल्ह्याचे मुख्यालय अलिबागला. मुलीच्या आईने रोज बुडवून किती खेपा घालायच्या?

आता कायद्याची गंमत पहा. पोक्सोचे कलम १५, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, असे चित्र जवळ ठेवून जो ते नष्ट करत नाही वा कळवत नाही त्याला दोषी धरते. म्हणजे कळवणाऱ्याला दार थोडे किलकिले आहे. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाचा निकाल फिरवताना याच कलमाचा अर्थ उलगडून सांगितला. पण माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७ ब असे चित्र पाहणे, उतरवून घेणे यालाच पहिल्या खेपेस पाच वर्षांपर्यंत कैद सांगते. एका हाताने दार उघडायचे, दुसऱ्या हाताने बेडी दाखवायची! महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला होता. पाणी प्यायला १९२७ उजाडावे लागले. कागदावरच्या दाराचे मोल आमच्या वाचकांना ठाऊक आहे.

गुन्हेगार हाती लागतो तो शोधला म्हणून. २०२० साली महाराष्ट्र सायबरने ‘ऑपरेशन ब्लॅकफेस’ चालवले ते अमेरिकेतील संस्थेकडून आलेल्या माहितीवर. टोळी फोडायची तर माफीचा साक्षीदार कायद्यात आहेच, पण ती माफी न्यायालय देते, पूर्ण सत्य सांगण्याच्या अटीवर. बर्लिनच्या शारिते रुग्णालयाने २००५ साली अशा विकृतीच्या माणसांसाठी गुप्त उपचार सुरू केले. ती माफी नव्हे. पकडला गेला तर खटला होतोच. आमच्याकडे मात्र डॉक्टरवरही कळवण्याचे बंधन, म्हणून तो डॉक्टरकडेही जात नाही. गुन्हा घडण्याआधीच्या उपचाराला आमचा विरोध नाही. मुलाला हात लावणाऱ्याला, चित्र काढणाऱ्याला मात्र सूट नको.

कोणी अंगुलिमालाचे उदाहरण देईल. त्याने आधी शस्त्र टाकले, अट घातली नाही. भिक्खू झाल्यावरही लोकांनी दगड मारून त्याचे डोके फोडले आणि तथागतांनी ते सोसायला सांगितले. आम्हाला राजाने सोडले तेवढेच आठवते.

गावकीचा निरोप आलाच तर आईने आधी १०९८ ला फोन करावा, मोबाइल आहे तसा ठेवावा. आणि ‘पुरावा’ म्हणून ते चित्र कोणालाही पाठवू नये. पाठवणे हाही गुन्हाच आहे.