हात अडखळतो तेथे : देवनागरी कळफलक आणि वापराचे निरीक्षण

एखादे उपकरण वापरावयास सुलभ आहे की नाही, ह्याचा निर्णय बहुधा ते घडविणाऱ्याच्या हेतूवरून किंवा वापरणाऱ्याच्या अभिप्रायावरून केला जातो. ही दोन्ही प्रमाणे अपुरी आहेत. घडविणाऱ्यास आपली वस्तू आधीच ठाऊक असते. वापरणारा, विचारले असता, ‘मला जमत नाही’ असे म्हणून वस्तूचा दोष स्वतःकडे घेतो. तिसरे प्रमाण म्हणजे प्रत्यक्ष वापराचे निरीक्षण. चार्ल्स व रे ईम्स ह्यांनी 1958 साली भारत सरकारला सादर केलेल्या अहवालात साध्या लोट्याचा विचार केला, तो ह्याच दृष्टीने : तो कसा उचलला जातो, डोक्यावर वा कमरेवर कसा तोलला जातो, त्यातून पाणी कसे ओतले जाते.

हे प्रमाण लेखनाच्या उपकरणास लावून पाहण्याजोगे आहे. बंगळूरच्या बेळ्ळंदूर भागात, तळ्याकाठच्या जुन्या शेतीच्या गावाभोवती, संगणक-व्यवसायामुळे नाना प्रांतांतील कुटुंबे वसली आहेत. अशा ठिकाणी कन्नड, देवनागरी आणि रोमन ह्या लिप्या एकाच घरात नांदतात. तेथील मराठी माणूस गावी निरोप धाडताना पुष्कळदा रोमन अक्षरांचा आश्रय घेतो. ह्यास भाषेविषयीची अनास्था म्हणणे सोपे आहे. परंतु त्याचा हात देवनागरी कळफलकावर कोठे थांबतो, हे आधी पाहावयास हवे.

टंकलेखन-यंत्रावर अक्षराचे दृश्य रूप क्रमाने उमटवावे लागे. ‘कि’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी व ‘क’ नंतर; ‘कर्म’ लिहिताना रफार सर्वांच्या शेवटी. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने 1986 साली पुरस्कारलेल्या आणि 1991 साली भारतीय मानकात समाविष्ट झालेल्या ‘इन्स्क्रिप्ट’ कळफलकाने उच्चाराचा क्रम स्वीकारला : स्वर डावीकडे, व्यंजने उजवीकडे, ‘क’ आधी, वेलांटी मागाहून, रफारासाठी प्रथम ‘र’, मग हलन्त, मग पुढील व्यंजन. ह्या रचनेचा मोठा गुण असा, की कन्नड ‘क’ आणि मराठी ‘क’ एकाच कळेवर येतात. तत्त्वतः बेळ्ळंदूरसारख्या वस्तीस ह्याहून अनुकूल योजना सापडणे कठीण. तथापि यंत्रावर तयार झालेला हात वेलांटीपाशी चुकतो, आणि ज्याने कोणताच कळफलक शिकलेला नाही तो जोडाक्षरापाशी थांबतो, कारण हलन्ताची कल्पना उच्चारात असली तरी बाराखडी गिरवताना ती कळ म्हणून कधी भेटलेली नसते.

म्हणून निरीक्षकाने मत विचारू नये. वाक्य लिहावयास द्यावे आणि गप्प राहावे. बोट कोणत्या कळेवर घुटमळले, कोणता शब्द बदलून सोपा घेतला गेला, हे टिपावे. विशेषतः न लिहिलेला शब्द महत्त्वाचा, कारण तो चुकांच्या यादीत येत नाही. ‘आचाऱ्यांना’ लिहिण्यास लागणारा ‘ऱ’ सहज हाती न लागल्यास ‘आचार्यांना’ उमटते, आणि स्वयंपाकी गुरुपदास पोहोचतो. येथे शुद्धलेखनाचे अज्ञान नाही. ‘ऱ’ इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट कळेसह आहे, इतकेच.

मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात अनिरुद्ध जोशी व त्यांचे सहकारी ह्यांनी ‘कीलेख’ आणि पुढे भ्रमणध्वनीसाठी ‘स्वरचक्र’ हे कळफलक रचले, त्यांमागे हाच प्रश्न होता. स्वरचक्रात व्यंजने वर्णमालेच्या क्रमाने मांडलेली आहेत. व्यंजनास स्पर्श करताच त्याभोवती ‘का’, ‘कि’, ‘की’ अशा रूपांचे चक्र उघडते, आणि बोट सरकवून हवे ते निवडता येते. वेलांटी आधी की नंतर, हा प्रश्नच तेथे उरत नाही. शाळेत गिरवलेली बाराखडी हीच उपकरणाची वाट होते.

हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. नित्याच्या रोमन लेखनात ‘काल’ व ‘काळ’, ‘मन’ व ‘मण’ ह्यांतील भेद पुसला जातो. आजची पत्रे, टिपणे व संभाषणे ही उद्याच्या वाङ्मयेतिहासाची साधने होत. त्यांत ‘ळ’ आणि ‘ण’ टिकावयाचे असतील, तर लिहिणाऱ्यास उपदेश करण्यापूर्वी त्याच्या बोटांकडे लक्ष देणे अगत्याचे आहे.