थकबाकीची लाज (पुरुष आणि मन : भाग ४)

मुलग्यांना रडणं कसं विसरायला लावलं जातं, ते मागच्या भागात पाहिलं. त्याची सर्वांत जड किंमत यवतमाळसारखा कोरडवाहू कापसाचा जिल्हा मोजतो. १९ मार्च १९८६ रोजी महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी बायकोमुलांसह जीवन संपवलं. राज्यातली पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या म्हणून ती ओळखली जाते. तेव्हापासून कापसाचा भाव, सिंचन, पतपुरवठा यांवर पुष्कळ लिहिलं गेलं; ते लिहायलाच हवं होतं. पण कर्ज आणि मरण यांच्यामध्ये लाजेचा एक लांबलचक काळ असतो. कृषी केंद्राची उधारी थकली की माणूस तो रस्ता टाळतो, लग्नकार्याला जात नाही, घरात खरा आकडा सांगत नाही. पीक बुडवलं पावसानं किंवा बोंडअळीनं, पण नालायक तो स्वतःला ठरवतो. कारण घर चालवणं हीच पुरुषाची लायकी, हे त्याच्या मनावर लहानपणापासून ठसलेलं असतं.

यावर आक्षेप येतो की प्रश्न भावाचा आहे, तो मनाचा म्हटला की सरकार सुटतं. समुपदेशनानं कर्ज फिटत नाही, हे मला पूर्ण मान्य आहे. पण गप्प राहण्यालाही आर्थिक किंमत असते. २००८ची केंद्राची कर्जमाफी बँका आणि सोसायट्यांच्या कर्जाला होती, सावकाराच्या नाही; आणि घरापासूनही लपवलं जातं ते बहुधा सावकाराचंच. जो लाजेपोटी बँकेची पायरी चढत नाही, त्याच्या कर्जाचं पुनर्गठन कोण करणार? शिवाय लाज सरकारी कागदही वाढवतात. मृत शेतकऱ्याच्या वारसांना एक लाखाची मदत द्यायची की नाही, हे ठरवताना मरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ असा शेरा पडतो. व्यसन किंवा घरगुती वाद असं कारण लिहिलं गेलं, की मेलेल्याची लाज विधवेच्या पदरात येते.

दुसरा आक्षेप, पुरुष बोलतच नाहीत, तो त्यांचा स्वभाव. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातला अनुभव वेगळं सांगतो. तिथल्या ३० गावांत ‘विश्राम’ या मानसिक आरोग्याच्या प्रकल्पानं गावातलेच कार्यकर्ते तयार केले, बैठका घेतल्या, घरी जाऊन विचारपूस केली. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. २०१७ साली हे निष्कर्ष ‘लॅन्सेट सायकियाट्री’त प्रसिद्ध झाले. तुलनेला दुसरी गावं नव्हती आणि आकड्यांत स्त्रियाही आहेत, म्हणून यावरून फार मोठा दावा करू नये. पण मदत न मागणं हा स्वभाव असता, तर तो दीड वर्षात इतका हलला नसता. विचारणारं माणूस ओळखीचं आणि वेळेवर आलेलं हवं.

ही वेळ आज चुकते. थकबाकीची नोटीस नेमकी लाजेच्या दिवसांत दारात येते, आणि तिच्यात फक्त रक्कम आणि मुदत असते. त्याच कागदावर पुनर्गठनासाठी कुणाला भेटायचं ते आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक मोठ्या मराठी अक्षरांत छापायला बँकांना नवा कायदा लागत नाही.